उपाहारगृहातील बालमेनू : इतिहास, स्वरूप आणि पर्याय

प्रस्तावना

कुटुंबासह बाहेर जेवणे हा शहरी महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या जीवनक्रमाचा भाग झाला आहे. एके काळी प्रवास, परगावची नोकरी किंवा घरातील आजारपण एवढ्याच कारणांनी खाणावळीची पायरी चढली जात असे. आज वाढदिवस, परीक्षेचा निकाल किंवा नुसती रविवारची संध्याकाळ एवढे निमित्तही पुरते. या बदलाबरोबर मुलांसाठीचे वेगळे मेनूकार्ड आपल्या टेबलावर आले. त्यावर बहुधा फ्रेंच फ्राइज, चीज पिझ्झा, पांढऱ्या सॉसमधला पास्ता, नूडल्स, नगेट्स आणि चॉकलेट मिल्कशेक असतात. हॉटेल पुण्यातले असो, नाशिकचे असो वा पणजीचे, ही यादी फारशी बदलत नाही. मोठ्यांच्या कार्डावर प्रदेश बदलला की पदार्थ बदलतात. मुलांच्या कार्डाला मात्र जणू प्रदेशच नसतो.

हा प्रश्न केवळ पालकांच्या हौसेमौजेचा म्हणून सोडून देता येत नाही. २०१५-१६च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील २.१ टक्के बालके अतिवजनी आढळली होती. २०१९-२१च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण ३.४ टक्के झाले. त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील ६७.१ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. पोट भरते आहे, पण पोषण होत नाही, अशी स्थिती एकाच समाजात आणि कधी कधी एकाच घरात दिसते. मैदा, बटाटा, चीज आणि साखर या चार वस्तूंभोवती फिरणारा बालमेनू या दोन्ही दोषांना एकाच वेळी हातभार लावतो. प्रस्तुत लेखात हा बालमेनू कोठून आला, तो तसाच का टिकून आहे, त्यात बदल करण्याचे जे प्रयत्न झाले त्यांतून काय हाती लागले आणि मराठी ताटाला या बाबतीत काय देता येईल, याचा विचार केला आहे.

स्वतंत्र ताटाचा जन्म

मुलांना मोठ्यांहून वेगळे अन्न द्यावे ही कल्पना उपाहारगृहांनी शोधलेली नाही. ती प्रथम वैद्यकातून आली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ एमेट हॉल्ट यांचे बालसंगोपन व बालाहार या विषयावरील पुस्तक १८९४ साली प्रसिद्ध झाले आणि पुढील काही दशके तेथील सुशिक्षित घरांत ते प्रमाण मानले गेले. साधे, उकडलेले, मसालाविरहित अन्न हा त्या उपदेशाचा गाभा होता. केक, पेस्ट्री, तळलेले पदार्थ इतकेच नव्हे, तर कच्ची फळे व कोशिंबिरी यांबाबतही त्यात सावधगिरी सांगितली होती. दूध आणि पाणी यांच्या शुद्धतेची खात्री नसलेल्या त्या काळात ही भीती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

पुढे १९२० साली अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. मद्यविक्रीचे उत्पन्न बुडाल्यावर मोठ्या हॉटेलांनी कुटुंबाकडे आणि मुलांकडे ग्राहक म्हणून पाहण्यास सुरुवात केली, असे खाद्येतिहासाचे अभ्यासक सांगतात. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलाने १९२१ साली काढलेले मुलांचे मेनूकार्ड हे या प्रकारच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय. उकडलेल्या भातावर कोंबडीचे बारीक तुकडे, लोण्यात परतलेल्या हिरव्या भाज्या आणि सुकवलेल्या आलुबुखाराचा गोड पदार्थ असे त्याचे स्वरूप होते. आजच्या कार्डाशी तुलना करता ही यादी बेचव वाटेल, परंतु तिच्यात तळणीचा पदार्थ नव्हता हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुलांचा मेनू निघाला तो मुलांना खूश करण्यापेक्षा त्यांच्या डॉक्टरांना आणि आयांना खूश करण्यासाठी, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा हेतू बदलला. मोटारी वाढल्या, महामार्गांवर साखळी उपाहारगृहे उभी राहिली. मूल हे कुटुंबाचा निर्णय फिरवू शकणारे ग्राहक आहे, हे व्यवसायाला उमगले. मॅक्डोनल्ड्सने १९७९ साली अमेरिकेत खेळण्यासह ‘हॅपी मील’ आणले आणि १९८३ साली तेथेच चिकन नगेट्स सर्वत्र विक्रीस ठेवले. सौम्य चवीची वैद्यकीय शिकवण आणि तळणीची सोय यांची येथे सांगड पडली. अन्न फिकेच राहिले, मात्र त्यातील पथ्य निघून गेले. १९९६ साली ही कंपनी दिल्ली व मुंबई येथे आली. त्यानंतरच्या काळात आपल्याकडील देशी उपाहारगृहांनीही मुलांसाठी जे कार्ड छापले, ते बव्हंशी या नमुन्यावरच बेतलेले आहे.

सर्वच ठिकाणी असे झाले नाही, हेही नोंदवले पाहिजे. जपानमध्ये टोकियोच्या मित्सुकोशी या मोठ्या दुकानाच्या भोजनगृहाने १९३० साली मुलांसाठी एक ताट तयार केले. भाताची छोटी मूद, तिच्यावर खोचलेले कागदी निशाण आणि भोवती निरनिराळ्या पदार्थांचे थोडे थोडे घास असे त्याचे रूप होते. पुढे ‘ओकोसामा लंच’ या नावाने ते देशभर पसरले. त्यातील पदार्थ पाश्चात्त्य वळणाचे, म्हणजे त्या काळच्या जपानी मुलाला अपरिचित असे होते. नवे अन्न छोट्या प्रमाणात, ओळखीच्या भाताच्या सोबतीने मुलापुढे ठेवणे ही त्यामागील युक्ती होती. वेगळे ताट असणे हाच दोष आहे, अशी टीका कधी कधी होते. हे उदाहरण पाहता ती पूर्णपणे मान्य करता येत नाही. दोष आहे तो ताटात काय ठेवले जाते याचा.

तळणीचे गणित

हॉटेलमालकांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावणे न्याय्य ठरेल. मुलांच्या पदार्थाचा दर कमी ठेवावा लागतो, म्हणून त्यात नफा थोडा. गोठवलेले बटाट्याचे काप आणि नगेट्स शीतकपाटात अनेक महिने टिकतात, उकळत्या तेलात काही मिनिटांत तयार होतात आणि ते बनवण्यासाठी कुशल आचारी लागत नाही. याउलट ताजी मेथी किंवा चिरलेले फळ त्या दिवशी खपले नाही तर फेकावे लागते. शिवाय भुकेले मूल थांबत नाही. ते रडू लागले की शेजारच्या टेबलावरील गिऱ्हाईकही अस्वस्थ होते. जे लवकर येते आणि हमखास खाल्ले जाते ते मुलाला द्यावे, हा हिशेब मालक, वाढपी आणि थकलेले आईवडील या तिघांनाही सोयीचा आहे. तिघांचेही एकमत असलेली व्यवस्था सहजासहजी बदलत नाही.

परिणाम मात्र मोजता येतो. अमेरिकेतील सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट या ग्राहक संस्थेने २००८ साली १३ मोठ्या साखळ्यांच्या बालमेनूंतून जुळवता येणाऱ्या १,४७४ जेवणांची तपासणी केली. चार ते आठ वर्षांच्या मुलाच्या दिवसभराच्या गरजेचा एक तृतीयांश भाग म्हणून त्यांनी ४३० कॅलरींची मर्यादा धरली होती. त्यांपैकी ९३ टक्के जेवणे या मर्यादेच्या बाहेर गेली. २०१३ साली त्याच संस्थेने अधिक व्यापक पोषणनिकष लावून सुमारे ३,५०० जेवणे तपासली, तेव्हा ९७ टक्के जेवणे त्या निकषांवर उतरली नाहीत.

मधल्या काळात कायद्याचा प्रयोगही झाला. पोषणाची ठरावीक मर्यादा न पाळणाऱ्या जेवणासोबत खेळणे फुकट देऊ नये, असा नियम सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० साली संमत केला आणि २०११च्या डिसेंबरात तो अमलात आला. मॅक्डोनल्ड्सने तेथे खेळण्याचे वेगळे दहा सेंट आकारण्यास सुरुवात केली, ती रक्कम धर्मादाय कामास दिली आणि विक्री पूर्ववत चालू ठेवली. नियमाचे शब्द पाळले गेले. ताटातील अन्न होते तेथेच राहिले. २०११ सालीच तेथील राष्ट्रीय उपाहारगृह संघटनेने ‘किड्स लिव्हवेल’ हा ऐच्छिक उपक्रम सुरू केला. २०१२ ते २०१५ या काळातील बालमेनूंचा जो अभ्यास पुढे हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी केला, त्यात पदार्थांच्या पोषणमूल्यात उल्लेखनीय सुधारणा आढळली नाही. काही कार्डांवरून सोडा गेला, पण त्याच्या जागी सुगंधी दूध आणि गोड चहा आले.

चव कशी घडते

“आमचे मूल दुसरे काही खातच नाही,” हे पालकांचे उत्तर सर्वत्र ऐकू येते. त्यात तथ्य आहे. साधारणपणे दोन ते सहा या वयात मुलांमध्ये अपरिचित अन्नाविषयी धास्ती बळावते. चालू फिरू लागलेल्या मुलाने दिसेल ते तोंडात घालू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज असावी, असे मानले जाते. परंतु ही धास्ती कायमची नसते. लिअन बर्च यांनी आपल्या सहकारिणीसह १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की अपरिचित पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखण्यास मिळाला तितकी त्याची आवड वाढत गेली. १९८७च्या पुढील अभ्यासात त्यांनी आणखी एक भेद स्पष्ट केला. पदार्थ नुसता पाहिल्याने त्याच्या चवीविषयीची आवड वाढत नाही. त्यासाठी तो जिभेवर जावा लागतो. मेनूकार्डावर भाज्यांची रंगीत चित्रे छापून काम भागेल, असे मानणाऱ्यांनी हा भेद लक्षात घ्यावा.

या क्षेत्रातील प्रत्येक दाव्यावर विसंबू नये, हेही येथे सांगणे अवश्य आहे. सफरचंदावर लोकप्रिय कार्टून पात्राचे चित्र चिकटवले की मुले बिस्किटाऐवजी सफरचंद उचलतात, असा एक निबंध खूप गाजला होता. त्यातील त्रुटी उघडकीस आल्यावर २०१७ साली तो मागे घेण्यात आला. तरीही त्याचा हवाला देणारे लेख अद्याप वाचनात येतात.

चवीची ओळख जन्माआधीच सुरू होते, असेही दिसून आले आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ज्युली मेनेला यांच्या अभ्यासात, गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत किंवा स्तनपानाच्या काळात ज्या मातांनी गाजराचा रस नियमित घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचे अन्न स्वीकारताना कमी नाखुशी दाखवली. आपल्याकडील डोहाळजेवणात नाना चवींचे पदार्थ मांडण्याची प्रथा या हेतूने पडली असे म्हणणे धाडसाचे होईल; पण तिचा एक अनपेक्षित लाभ म्हणून त्याकडे पाहण्यास हरकत नसावी.

या सर्वांत अधिक बोधप्रद प्रयोग जुना आहे. शिकागो येथील डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२६पासून काही वर्षे, नुकतेच अंगावरून तुटलेल्या १५ बालकांना स्वतःचे अन्न स्वतः निवडू दिले. त्यांच्यापुढे ३४ पदार्थांतून निवड असे. दाई आग्रह करीत नसे, नकारही देत नसे. मुलांच्या निवडी एकमेकांशी जुळत नव्हत्या आणि कधी कधी तऱ्हेवाईक होत्या, तरी सर्व मुले उत्तम वाढली. “मुलाला हवे ते खाऊ द्या, शरीराला कळते,” असा अर्थ अनेकांनी यातून काढला. डेव्हिस यांनी स्वतः मात्र १९३९च्या निबंधात स्पष्ट केले, की खरी मेख यादीत होती. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद अन्न नव्हते. त्यांतून काहीही उचलले तरी मूल फार चुकूच शकत नव्हते. यादी मोठ्यांनी करायची आणि निवड मुलाने, अशी ही श्रमविभागणी आहे. उपाहारगृहाच्या भाषेत ती यादी म्हणजे मेनूकार्ड. आज मुलाला निवडीचे स्वातंत्र्य भरपूर दिले जाते, पण यादी करण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

न मागता काय येते

बंदी आणि उपदेश यांपेक्षा एक साधा उपाय अधिक उपयोगी पडल्याचे दिसते. मागणी न करता जेवणासोबत जे आपोआप येते, ते बदलणे हा तो उपाय होय. डिस्नेच्या अमेरिकेतील उद्यानांत २००६पासून मुलांच्या जेवणासोबत फ्राइज व सोडा यांऐवजी फळ किंवा भाजी आणि दूध, पाणी अथवा फळांचा रस येऊ लागला. फ्राइजवर बंदी नव्हती, मात्र ते मागून घ्यावे लागत. त्यातील फ्लोरिडा येथील उद्यानाच्या विक्रीचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४८ टक्के ग्राहकांनी आलेला जोडपदार्थ आणि ६६ टक्क्यांनी आलेले पेय तसेच ठेवले. त्यामुळे या जोडपदार्थांतील व पेयांतील एकूण कॅलरी सुमारे एक पंचमांशाने घटल्या. अमेरिकेच्या पूर्व भागातील सिल्व्हर डायनर या छोट्या साखळीने २०१२ साली आपल्या बालमेनूवरून फ्राइज व सोडा यांचा उल्लेख काढला आणि सकस पदार्थांची संख्या वाढवली. टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी आधीच्या व नंतरच्या मागण्यांची तुलना केली असता, सकस पदार्थांची मागणी वाढलेली आणि उत्पन्न न घटलेले आढळले. कॅलिफोर्नियाने २०१९पासून मुलांच्या जेवणासोबत मूळ पेय म्हणून पाणी किंवा दूधच द्यावे, असा कायदा लागू केला आहे.

हा उपाय का चालतो, याचे उत्तर मानवी आळसात आहे. जे पुढ्यात येते ते बहुतेक जण परत पाठवत नाहीत. शिवाय नकार देण्याचा वाईटपणा पालकांकडे राहत नाही. “फ्राइज नको” असे आईने म्हणणे आणि फ्राइजचा विषयच न निघणे यांत फार अंतर आहे. जेनिफर फिशर व बर्च यांच्या १९९९च्या अभ्यासातही असे दिसले, की समोर असूनही मना केलेल्या पदार्थाकडे मुलांचे लक्ष अधिक ओढले जाते.

मराठी ताटाकडून

आपल्या घरांत मुलांसाठी वेगळा स्वयंपाक फारसा नव्हता. उष्टावणाच्या दिवशी खिरीचा घास दिला जाई, मग मऊभात आणि वरण, त्यावर मेतकूट. आणि दात आले की घरच्याच पातेल्यातले, फोडणीपूर्वी बाजूला काढलेले थोडे. तिखट घालण्याआधी मुलाची वाटी काढून घेणे हीच मराठी स्वयंपाकघरातील बालमेनूची पद्धत होती. तिच्यात मुलाचे अन्न वेगळे असले तरी परके नव्हते. ते मोठ्यांच्या ताटाच्या वाटेवरचे होते. हीच पद्धत व्यावसायिक स्वयंपाकघरात आणणे अशक्य नाही. तव्यावर जाणारे थालीपीठ अर्ध्या आकाराचे, हिरव्या मिरचीशिवाय लावता येते. त्याच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धने, जिरे असे कितीतरी धान्य-मसाले असल्याने एका घासात मूल जेवढी विविधता खाते, तेवढी पांढऱ्या पास्त्याच्या ताटभर खाण्यातही मिळत नाही. नाचणीचे घावन हा दुसरा पर्याय. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात त्याचा विसावा भागही नसतो. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा मोठ्या हॉटेलांनी नाचणीचे केक आणि कुकी काढल्या. साखर-लोण्यात बुडवून नाचणीचे पुण्य कितीसे पदरी पडते, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता.

कोथिंबीरवडी किंवा अळूवडी न तळता उकडलेलीच द्यावी, आंबोळीबरोबर मटकीची उसळ सौम्य करून द्यावी, मालवणी भोजनगृहात सुरमईची काटे काढलेली छोटी तुकडी आणि सोलकढीची अर्धी वाटी ठेवावी. हे सर्व पदार्थ त्या त्या स्वयंपाकघरात एरवीही होतातच; नव्या मालाची खरेदी किंवा वेगळा आचारी यांची गरज नाही. गोठवलेल्या काप्यांची सोय गमावल्याचा तोटा यातून बराचसा भरून निघतो. पेयांत साधे ताक पुरेसे आहे. कोकम सरबत मात्र देशी आहे म्हणून निर्दोष ठरत नाही, कारण बाजारच्या कोकम पाकात साखर भरपूर असते.

या संदर्भात थाळीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. चव ओळखण्याची जी रीत संशोधकांनी प्रयोगशाळेत सिद्ध केली, ती थाळीत पूर्वीपासून आहे. अनेक वाट्या, प्रत्येकीत थोडेसे, आणि नावडले तर उरलेले ताट शाबूत. हातात भांडे घेऊन फिरणारा वाढपी “थोडी चाखून बघ” म्हणतो, चमचाभर वाढतो आणि पुढे जातो. मुलाने ती चाखली नाही तरी दहा मिनिटांनी तो पुन्हा येतो. अनेक थाळीगृहांत ठरावीक वयाखालील मुलांना कमी दर असतो. तरीही बऱ्याच पालकांचा कल मुलासाठी वेगळे काही मागवण्याकडे असतो. त्यामागे तिखटाची भीती आहे आणि ती खरी आहे. व्यावसायिक भाज्यांत तिखट, तेल आणि मीठ घरच्यापेक्षा जास्त असते. रोज एक भाजी व एक डाळ फोडणीआधी वेगळी काढून ठेवली तर ही अडचण दूर होईल. गोडाचा प्रश्न मात्र उरतो. जिलेबी आणि बासुंदी अमर्याद वाढली जात असताना मूल दुधीभोपळ्याकडे वळणार नाही. गोड पदार्थ एकदाच, छोट्या वाटीत, जेवणासोबतच वाढावा. शेवटचे बक्षीस म्हणून तो राखून ठेवला की भाजी ही शिक्षा ठरते.

दराचाही मुद्दा आहे. मोठ्यांच्या कार्डावरील कोणताही पदार्थ निम्म्या प्रमाणात आणि निम्म्याच्या आसपास दरात देण्याची तयारी हॉटेलांनी दाखवली, तर वेगळे बालमेनूकार्ड छापण्याचे कारणही उरणार नाही. इडली, उत्तप्पा यांच्या बाबतीत उडुपी हॉटेलांनी छोट्या आकाराची पद्धत रुळवली आहेच.

कायद्याने आपल्याकडे काही पावले टाकली आहेत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात व सभोवतालच्या ५० मीटर परिसरात मेद, मीठ व साखर जास्त असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. याच प्राधिकरणाच्या दुसऱ्या नियमानुसार, केंद्रीय परवाना असलेल्या अथवा दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी मेनूवर दाखवणे २०२२पासून बंधनकारक झाले. त्यासोबत प्रौढ सक्रिय व्यक्तीस दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरी लागतात, अशी सूचनाही छापावी लागते. मुलांसाठी असा आकडा त्या सूचनेत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाची दैनंदिन गरज सुमारे १,३६० किलोकॅलरी आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाची सुमारे १,७०० किलोकॅलरी आहे. तिचा तिसरा हिस्सा एका जेवणाचा धरला, तर लहान गटासाठी सुमारे ४५० आणि मोठ्या गटासाठी ५७०च्या आतबाहेर येतो. हे दोन आकडे बालमेनूच्या माथ्यावर, पदार्थांच्या आकड्यांइतक्याच ठळक टाइपात छापण्यास नियमात दुरुस्तीची वाट पाहण्याचेही कारण नाही. कोणताही मालक ते उद्यापासून छापू शकतो.